तोट्याचा वाटेकरी कोण? व्याजमुक्त बँका आणि खुला वित्तबाजार : प्रस्तावना

जामसांवलीच्या हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी नागपूर, छिंदवाडा, अमरावती अशा सगळ्या बाजूंनी माणसे येतात. देवळाकडे येताना सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या बागा त्यांच्या नजरेस पडतात. या बागांत दर वर्षी एक सौदा होतो. व्यापारी बागेत फिरतो, झाडांवरच्या फळांचा अंदाज घेतो, अख्ख्या बागेची एक रक्कम ठरते आणि इसार हातावर पडतो. उरलेले पैसे पुढे. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ तोडणीला येईपर्यंत दिवाळी उजाडते. मधल्या काळात फळगळ झाली, गारपीट झाली किंवा नागपूरच्या कळमना बाजारात भाव कोसळला, तर तोटा कोणाचा? बागवाल्याचा की व्यापाऱ्याचा? सौद्याच्या वेळी हे नीट बोलून घेतलेले असेल तर दोघेही पुढच्या वर्षी पुन्हा एकमेकांशी व्यवहार करतात. बोललेले नसेल तर संबंध तुटतो.

वित्तबाजार खुला झाला की इस्लामी बँकांच्या स्थैर्याचे काय होते, या विषयाची ओळख करून देताना मी बागेपासून सुरुवात करतो, कारण या सगळ्या अभ्यासाच्या गाभ्याशी हाच प्रश्न आहे : तोटा झाला तर तो कोणाच्या पदरात पडतो, आणि हे आधी ठरले होते का?

इस्लामी विधिज्ञांनाही हा प्रश्न फळबागेतच पडला होता. फळ नीट धरले आहे हे दिसण्याआधी झाडावरचा बहार विकू नये, असा नियम त्यांनी पक्का केला. पुढे अस्मानी कोसळली तर विकणाऱ्याने पैसे कशाचे घेतले, याला उत्तर उरत नाही, हे त्यामागचे कारण. पण शेतकऱ्याला आगाऊ पैसा तर लागतोच. त्यासाठी त्यांनी ‘सलम’ हा करार मान्य केला. त्यात पूर्ण किंमत आज द्यायची आणि ठरलेल्या वजनाचा, ठरलेल्या प्रतीचा माल ठरलेल्या दिवशी घ्यायचा. मात्र तो अमुकच बागेतला हवा, अशी अट घालायची नाही. एक बाग बुडाली तरी दुसरीकडून माल आणून शब्द पाळता यावा, ही त्यामागची सोय. बागेची निगा राखणाऱ्याने फळात वाटा घ्यायचा, या कराराला ‘मुसाकात’ म्हणतात. बटईची शेती पाहिलेल्या माणसाला तो निराळा समजावून सांगावा लागत नाही.

बँकेच्या व्यवहारात येणारे करार याच घराण्यातले आहेत. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा भांडवल घालणाऱ्याचा, हा ‘मुदारबा’. दोघांनीही भांडवल घातले आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसला, तर ‘मुशारका’. बँकेने वस्तू स्वतः विकत घेऊन, आपला नफा उघड सांगून ती हप्त्याने विकली, तर ‘मुराबहा’. वस्तू भाड्याने दिली, तर ‘इजारा’. या सगळ्यांच्या मुळाशी ‘रिबा’ची मनाई आहे. उसने दिलेल्या पैशावर आधीच ठरवून घेतलेली वाढ म्हणजे रिबा. मनाई नफ्याला नाही. धोका न पत्करता घेतलेल्या वाढीला आहे.

व्याजाला कुठेतरी कुंपण हवे, हा विचार आपल्या परंपरेलाही परका नाही. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्रातून आला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत इंग्रजी अमदानीतही चालत राहिला. आणि कुंपण काढल्यावर काय होऊ शकते, याचा धडाही आपल्याच इतिहासात आहे. १८५५ साली कंपनी सरकारने व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा रद्द केली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव उतरले, सरकारी सारा मात्र वाढला. सावकारांनी हात आखडता घेतला आणि वसुलीसाठी कोर्टाची वाट धरली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरले. १८७९ च्या दख्खन कृषक कायद्याने न्यायाधीशाला कर्जाचा मूळ हिशेब उघडून पाहण्याचा आणि अवाजवी व्याज कमी करण्याचा अधिकार दिला. आधी मोकळीक, मग भरती, मग ओहोटी आणि सगळ्यांत शेवटी नियम, असा तो क्रम होता. पुढच्या दीडशे वर्षांत जगभर हा क्रम पुन:पुन्हा दिसला.

विसाव्या शतकात या मोकळिकीला शास्त्राचे रूप आले. रोनाल्ड मॅकिनन आणि एडवर्ड शॉ या दोघांनी १९७३ साली स्वतंत्र ग्रंथांतून मांडले की व्याजदर सरकारने दाबून ठेवले आणि कर्ज कोणाला द्यायचे हेही सरकारनेच ठरवले, तर बचत आटते आणि भांडवल चुकीच्या ठिकाणी जाते. मग अनेक देशांनी व्याजदर मोकळे केले, खासगी आणि परदेशी बँकांना दारे उघडली, परकीय भांडवलाच्या ये-जावरची बंधने सैल केली. आपल्याकडे १९९१ च्या नरसिंहम समितीपासून हा प्रवास सुरू झाला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचा व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँकांकडे गेला, तेव्हा त्याचा एक मोठा टप्पा पूर्ण झाला.

उदारीकरणाने संकटे वाढतात का? अस्ली देमिरगुच-कुंत आणि एन्रिका देत्राजिआके यांनी १९९८ साली ५३ देशांचा १९८० ते १९९५ या काळाचा अभ्यास मांडला. उदारीकरण झालेल्या व्यवस्थेत बँकिंग संकटाची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. पण जिथे कायद्याचा अंमल चोख, भ्रष्टाचार कमी आणि करार पाळले जातात, तिथे हा परिणाम बराच सौम्य होतो, हेही त्यांनी दाखवले. हा निष्कर्ष वाचकाने मनात पक्का धरावा. इस्लामी बँकांच्या बाबतीतले पुष्कळसे वाद त्याने उलगडतात.

आता इस्लामी बँकेचा ताळेबंद पाहू. साध्या बँकेत ठेवीदाराला मुद्दल आणि ठरलेले व्याज द्यावेच लागते. कर्जे बुडाली तर धक्का आधी बँकेच्या भांडवलाला बसतो, ते संपले की बँक बुडते. इस्लामी बँकेत गुंतवणूक खातेदार मुदारबा तत्त्वावर पैसे ठेवतो. बँकेला नफा झाला तर त्यात त्याचा वाटा, तोटा झाला तर त्याच्या रकमेला तोशीस. मोहसिन खान यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पत्रिकेत १९८६ साली दाखवले की अशी व्यवस्था धक्के लवकर पचवू शकते, कारण मालमत्तेची किंमत घटली की देणेही आपोआप घटते. सिद्धांत म्हणून हे सुंदर आहे. या सिद्धांताच्या उभारणीत भारताचाही मोठा वाटा आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या अन्वर इक्बाल कुरेशी यांचा इस्लाम आणि व्याजसिद्धांतावरचा ग्रंथ १९४० च्या दशकातला. गोरखपूरचे आणि अलिगढला शिकवलेले मुहम्मद नजातुल्ला सिद्दीकी यांचे व्याजाविना बँकिंगवरचे उर्दू लेखन तर या शास्त्राचा पाया मानले जाते. १९८२ साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला.

व्यवहारात मात्र दोन गोष्टी बदलल्या. पहिली ही की बँकांनी भागीदारीपेक्षा मुराबहावर अधिक भर दिला. हप्त्याने केलेली विक्री कर्जाच्या अगदी जवळ जाते, त्यामुळे धोकाही कर्जासारखाच राहतो. दुसरी गोष्ट उदारीकरणाशी थेट जोडलेली आहे. व्याजदर मोकळे झाले की शेजारची बँक ठेवीवर जास्त देऊ लागते. इस्लामी बँकेचा नफा त्या वर्षी कमी असला तरी खातेदार शेजारच्या दराशी तुलना करतो आणि पैसे काढून नेतो. ते टाळण्यासाठी बँक स्वतःचा नफा सोडून खातेदाराला अधिक वाटा देते, किंवा चांगल्या वर्षी बाजूला काढलेल्या राखीव निधीतून तूट भरते. शास्त्रात याला ‘विस्थापित व्यापारी जोखीम’ म्हणतात. साध्या शब्दांत, कागदावर खातेदाराच्या पदरात असलेला तोटा प्रत्यक्षात भागधारकांच्या पदरात येऊन पडतो. धक्के पचवणारी गादी कागदावरच राहते. मलेशियातल्या ठेवींचा अभ्यास करून बेंग सून चोंग आणि मिंग-हुआ लिउ यांनी २००९ साली दाखवले की तिथल्या इस्लामी ठेवींवरचा परतावा साध्या बँकांच्या व्याजदराच्या मागोमाग चालतो.

याचा अर्थ असा नव्हे की खुला बाजार आणि इस्लामी बँका एकत्र नांदूच शकत नाहीत. तुर्कस्तान आणि मलेशिया यांची उदाहरणे शेजारी ठेवली की फरक दिसतो.

तुर्कस्तानने १९८० नंतर अर्थव्यवस्था खुली केली, १९८३ च्या फर्मानाने ‘विशेष वित्तगृहे’ या नावाने व्याजमुक्त संस्थांना वाट दिली आणि १९८९ मध्ये परकीय भांडवलावरची बंधने काढली. पण या वित्तगृहांना बँकांसारखे ठेव-विम्याचे छत्र नव्हते. अडचणीच्या वेळी रोख मिळण्याची सोय अपुरी होती, आणि स्वतःच्याच उद्योगसमूहाला पैसे देण्यावर पुरेसा लगाम नव्हता. २००० च्या अखेरीस देशात बँकिंग संकट आले तेव्हा ठेवीदार घाबरले. ‘इहलास फायनान्स’ ही त्या गटातली सर्वांत मोठी संस्था पैसे काढणाऱ्यांच्या गर्दीपुढे उभी राहू शकली नाही. तिचा परवाना फेब्रुवारी २००१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर या संस्थांसाठी हमी निधी उभारला गेला आणि २००५ च्या बँकिंग कायद्याने त्यांना ‘सहभागी बँका’ म्हणून पूर्ण बँकांच्या पंक्तीत बसवले. छप्पर घातले गेले, पण पाऊस पडून गेल्यावर.

मलेशियाने उलट क्रम धरला. १९८३ साली कायदा करून एकच इस्लामी बँक काढली. १९९४ मध्ये व्याजमुक्त संस्थांना एकमेकींकडून अल्पमुदतीचा पैसा मिळावा म्हणून स्वतंत्र आंतरबँक बाजार उभा केला. २००१ मध्ये पुढच्या दहा वर्षांचा आराखडा आखला, आणि त्यानंतरच, २००४ च्या सुमारास, आखातातल्या इस्लामी बँकांना परवाने दिले. २०१३ च्या कायद्याने ठेव आणि गुंतवणूक खाते यांची सरळ विभागणी केली : ठेवीचे मुद्दल सुरक्षित, गुंतवणूक खात्यात तोटा खातेदाराचा. कोणत्या खात्यात काय धोका आहे, हे ग्राहकाला आधी कळते.

यात एक कठीण पेच आहे आणि तो लपवू नये. खातेदाराला पूर्ण संरक्षण दिले तर भागीदारीचे तत्त्व लंगडे पडते, न दिले तर घबराटीत बँक कोसळू शकते. ब्रिटनमध्ये २००४ साली पहिली इस्लामी किरकोळ बँक सुरू झाली तेव्हा नियामकांनी तोडगा काढला : खातेदाराला पूर्ण रक्कम परत मिळण्याचा हक्क राहील, पण धर्मनिष्ठेपोटी तो हक्क नाकारण्याची मुभाही त्याला असेल.

आता स्थैर्य मोजायचे कसे? संशोधक बहुधा ‘झेड-मान’ वापरतात. बँकेच्या मालमत्तेवरचा नफा आणि मालमत्तेच्या तुलनेत भांडवल यांची बेरीज करायची आणि नफा वर्षागणिक किती वरखाली होतो त्या चढउताराने तिला भागायचे. आकडा जितका मोठा, तितकी दिवाळखोरी दूर. विहिरीत पाणी किती आहे आणि उन्हाळ्यात ते किती खाली जाते, या दोन्ही गोष्टी बघून विहिरीचा भरवसा धरावा, तसे हे माप आहे. मार्टिन चिहाक आणि हाइको हेसे यांनी २००८ साली या मापाने दाखवले की लहान इस्लामी बँका लहान साध्या बँकांपेक्षा भक्कम असतात, पण मोठ्या इस्लामी बँका मोठ्या साध्या बँकांपेक्षा कमकुवत ठरतात. थॉर्स्टन बेक आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात दोन्ही प्रकारांत फारसा फरक आढळला नाही. मात्र २००८ च्या जागतिक वित्तसंकटाच्या काळात इस्लामी बँका तुलनेने बऱ्या टिकल्या, आणि त्याचे एक कारण त्यांचे अधिक भांडवल होते. महर हसन आणि जेम्मा द्रिदी यांनी २०१० साली त्यात भर घातली : २००८ मध्ये गुंतागुंतीच्या कर्जरोख्यांपासून दूर राहिल्याने या बँका बचावल्या, पण २००९ मध्ये संकट प्रत्यक्ष अर्थव्यवस्थेत पोहोचल्यावर काहींना जबर फटका बसला. त्याच वर्षी दुबईत नखील या बांधकाम कंपनीचे ‘सुकूक’, म्हणजे शरियतसंमत रोखे, डिसेंबरमध्ये बुडण्याच्या बेतात आले आणि अबुधाबीच्या मदतीने शेवटच्या घटकेला फेडले गेले. परकीय पैशाच्या भरतीवर वाढलेली बँक व्याजमुक्त असली तरी ओहोटीतून सुटत नाही.

वाचक विचारील, हे सगळे आपल्याकडे कुठे आहे? भारतात पूर्ण इस्लामी बँक नाही, आणि याचे कारण कायद्यात आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम बँकेला मालाचा व्यापार करू देत नाही, म्हणजे मुराबहाची वाट बंद. नववे कलम स्वतःच्या वापरापलीकडची स्थावर मालमत्ता सात वर्षांहून अधिक ठेवू देत नाही, म्हणजे घरासाठी दीर्घ मुदतीचा इजारा अवघड. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २००५ च्या सुमारास हेच सांगितले. २००८ साली रघुराम राजन समितीने आणि २०१५ साली दीपक मोहंती समितीने व्याजमुक्त सेवेचा विचार व्हावा, असे सुचवले, कारण श्रद्धेपोटी बँकेपासून दूर राहणारी माणसेही आर्थिक प्रवाहात यायला हवीत. २०१७ मध्ये हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरल्याचे रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारात कळवले.

बँक नसली तरी प्रयोग झाले, आणि त्यांतले काही मराठी मुलखातच झाले. १९७० च्या दशकात मुंबईत ‘बैतुन्नस्र’ ही व्याजमुक्त पतसंस्था उभी राहिली. १९९१ नंतरच्या मोकळ्या हवेत बँकेतर वित्तकंपन्यांचे पीक आले आणि व्याजमुक्त म्हणवणाऱ्या कंपन्याही त्यात वाढल्या. पण १९९७ साली रिझर्व्ह बँक कायदा बदलून नोंदणी, किमान भांडवल आणि ठेवींवर कडक अटी आल्या, तेव्हा यातल्या अनेकांना टिकाव धरता आला नाही. पुन्हा तोच क्रम : आधी मोकळीक, नंतर नियम. जे रोखेबाजारातून आणि आधीच असलेल्या देखरेखीखाली उभे राहिले ते टिकले. १९९६ साली टाटा म्युच्युअल फंडाने सुरू केलेली योजना आज टाटा एथिकल फंड म्हणून चालू आहे आणि २०१० साली मुंबई शेअर बाजाराने शरियतसंमत ५० कंपन्यांचा निर्देशांक काढला. २०१६ साली सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने व्याजमुक्त व्यवहाराचा उपक्रम सुरू केला. आणि २०१९ मध्ये बंगळुरूची ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ कोसळली तेव्हा ‘हलाल’ शब्दावर भरवसा ठेवून पैसे घातलेल्या हजारो कुटुंबांवर आकाश फाटले. ती बँक नव्हती, त्यामुळे बँकठेवींना २०२० पासून असलेले पाच लाखांचे विमाछत्रही अशा रकमांना मिळत नाही. व्याजमुक्त ही पाटी देखरेखीची जागा घेऊ शकत नाही, याहून कडू पुरावा नको.

आमच्या पांढुर्णा जिल्ह्याने, म्हणजे २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या या मराठी मुलखाने, आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. मध्य प्रदेशात सहकारी संस्थेचे पीककर्ज वेळेवर फेडले तर शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. पुष्कळांना वाटते की हेच व्याजमुक्त कर्ज. इथे व्याज नाहीसे झालेले नाही, ते सरकारी तिजोरी भरते. बाग बुडाली तरी मुद्दल शेतकऱ्यानेच फेडायचे असते. मुदारब्यात व्याजही नसते आणि बुडालेल्या बागेचा भार पैसे घालणाराच उचलतो. कोणते बरे, हे वाचकाने ठरवावे. पण दोन्ही एकच समजू नयेत.

या विषयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला माझे सांगणे एवढेच. धर्मामुळे बिचकू नका आणि धर्माच्या नावाने भुलूही नका. देश किती खुला आहे यासोबत तो कोणत्या क्रमाने खुला झाला, हे पाहा. देखरेख, भांडवल आणि अडचणीच्या वेळचा रोख आधार हे दार उघडण्यापूर्वी उभे होते का, हे विचारा. माझा स्वतःचा निष्कर्ष स्पष्ट आहे : इस्लामी बँकांना उदारीकरणाने धोका होतो तो तोट्याचा वाटेकरी ठरवण्याआधी दार उघडले म्हणून. जिथे तो आधी ठरला, तिथे खुल्या बाजारातही त्या नीट चालल्या.

आणि या अभ्यासाला मराठीत भर घालण्यासारखे काम समोरच पडले आहे. सौंसर, पांढुर्णा, वरूड, काटोल इथल्या बागांचे सौदे, बटईचे आणि ठोक्याचे करार कोणीतरी लिहून काढले पाहिजेत : गारपीट झाली तर काय, भाव पडला तर काय, शब्द कोणी पाळला आणि कोणी मोडला. तुमच्या गावातले असे दहा करार घरच्या जाणत्या माणसांना विचारून उतरवून घ्या आणि मग पुढच्या प्रकरणांकडे वळा. मुदारबा आणि मुशारका तेव्हा तुम्हाला परके वाटणार नाहीत.